जावयाचं पांघरूण

माझं नाव पुतळा. पुतळा मढवी, राहणार पावणे गाव. नाव पुतळा असलं तरी गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही. आमच्या लॅबमध्ये मात्र चांगली बोलती-चालती माणसं पुतळे होऊन बसली होती, आणि तेही कशापायी, तर एका लोकरीच्या कव्हरापायी.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं काही चांगलं असतं तर आधी नावच सांगितलं असतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर औषधांचे कारखाने एकाला एक लागून उभे आहेत, त्यातलाच एक आमचा. तापाच्या औषधाची पावडर बनवायची आणि गोळ्या करणाऱ्यांना विकायची, हा धंदा. लॅबची एसी खोली जिथं आहे तिथं पूर्वी आमचं भाताचं खाचर होतं. माझ्या बापानं त्या जागी चिखल तुडवला आणि मी तिथं पांढरा कोट घालून बसते, म्हणून गावात माझं भारी कौतुक. बी.एस्सी. झाले नसते तर त्याच जागेवर झाडू मारत असते, तेव्हा कौतुक काही खोटं नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात कंपनीनं परदेशातून एचपीएलसी नावाचं मशीन आणलं. ते यायच्या आधी त्याच्यासाठी खोली बांधून झाली, एसी बसला, दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लागली. आम्ही उन्हाळाभर घामानं निथळत होतो तेव्हा कोणाला एसी सुचला नव्हता. या मशीनला साधं पाणी चालत नाही, गाळलेलं मिथेनॉल लागतं. व्होल्टेज जरा हललं की रुसतं. कोणी जोरात दार आपटलं की बिघडतं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला 'जावई' म्हणालं आणि तेच नाव पडलं. जावई आले, जावई रुसले, जावयांना ताजं मिथेनॉल दाखवा. असं सगळं चालायचं.

जावई काम काय करायचे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्यांच्या डोक्यावर मिथेनॉल-पाण्याच्या दोन बाटल्या. एक पंप ते द्रावण एका बारीक पोलादी नळीतून ढकलतो. औषधाचा नमुना त्यात सोडला की नळीतून औषध वेगळं आणि त्यातली घाण वेगळी, अशी एकामागून एक बाहेर येते. बाहेर एक दिवा आणि एक डोळा बसलेला. डोळ्याला काही दिसलं की पेन वर उठतं आणि सरकत्या कागदावर डोंगर काढतं. औषधाचा मोठा डोंगर, घाणीचं लहान टेकाड. काहीच जात नसलं की पेन सरळ रेषा काढत राहतं. ती बेसलाइन. आम्ही ते डोंगर कात्रीनं कापायचो आणि कागदाचे तुकडे तराजूवर तोलायचो. जेवढं वजन तेवढं औषध. हसू नका, तेव्हा असंच करायचे, आणि नीट कापलं तर उत्तरही नीट यायचं. फक्त एक गोष्ट हवी, जमीन सपाट हवी. जमीनच चढायला लागली तर डोंगर कुठून सुरू होतो आणि टेकाड कुठं संपतं, हे कात्रीला कोणी सांगायचं? बेसलाइन अशी आपोआप वर चढायला लागली की तिला ड्रिफ्ट म्हणतात.

लॅबचे प्रमुख टिपणीस साहेब. माणूस अभ्यासू, टापटिपीचा, वरच्यांपुढं मवाळ आणि खालच्यांपुढं शिस्तीचा. त्यांच्या बायकोचं नाव वेणूबाई, आम्ही वहिनी म्हणायचो. दसऱ्याला मशीनच्या पूजेला वहिनी वाशीहून आल्या. झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, आणि मागं सरकून जावयांकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, एवढं महागाचं मशीन असं उघडंबोडकं ठेवता? त्यांच्या घरी टीव्हीला कव्हर होतं, फ्रिजला होतं, मिक्सरला तर दोन होती. त्यांनी तिथल्या तिथं वितीनं जावयांचं माप घेतलं.

दिवाळीच्या आधी कव्हर आलं. गडद लाल लोकर, त्यावर पिवळे पोपट, समोर पेन आणि बटणं दिसावीत म्हणून खिडकी, आणि वर बाटल्यांसकट सगळ्यांना घेणारं कुंचीसारखं टोपडं. काम असं सुबक की खोटं कशाला बोलू, मी हात फिरवून बघितला. खाडीच्या हवेत लोकरीला कसर लागते, म्हणून वहिनींनी टोपड्याच्या आत मलमलीच्या छोट्या पिशव्या शिवल्या होत्या आणि त्यात डांबरगोळ्या घातल्या होत्या. साहेबांनी फर्मान काढलं, कव्हर कायम घातलेलं असावं.

आता रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. बंद टोपड्याखाली डांबरगोळी उडते, तिची वाफ मिथेनॉलमध्ये उतरते, आणि जावयांच्या त्या डोळ्याला डांबरगोळी चांगली ठसठशीत दिसते. वर लोकरीची ऊब, म्हणजे दिव्याचं तापमान वेगळंच. सकाळी ताजं मिथेनॉल भरलं की रेषा सरळ, आणि दुपारपर्यंत अशी चढायची की पेन कागदाच्या वरच्या काठाला टेकायचं. खोलीत पाऊल टाकलं की आजीची ट्रंक उघडल्याचा वास. आंधळ्यालाही कळावं.

पण कळलं कोणालाच नाही. म्हणजे कळलं सगळ्यांना, पण पुढं कोण म्हणणार? पोपट साहेबांच्या बायकोचे. साहेब म्हणाले, व्होल्टेज. स्टॅबिलायझर बदलला. मग म्हणाले, अर्थिंग, ही भरावाची जमीन. जमीन वाईट म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, इथं अंगण माझ्या बापाचं होतं. मग म्हणाले, शेजारच्या कारखान्याचा धूर. मुंबईहून सर्व्हिस इंजिनीयर आला, त्यानं टोपडं उचललं, नाक आत घातलं, शिंकला, आणि पोपटांकडं बघून कव्हर कोणी केलं ते विचारलं. साहेबांनी सांगितलं. त्यानं वहिनींच्या हातचा फराळ खाल्ला आणि कागदावर लिहून गेला, आजूबाजूच्या वातावरणाचा परिणाम संभवतो. शिकलेला माणूस, त्याला पुन्हा कंत्राट हवं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर धर्मराज घरत बसायचा. हाही आमच्याकडचाच, कोपरखैरण्याचा. हुशार, कात्री धरण्यात त्याच्यासारखा कोणी नाही, पण नावाला जागलेला. महाभारतातल्या धर्मराजानं जन्मात एकदा 'नरो वा कुंजरो वा' केलं, आमचा रोज करायचा. वास येतो ना रे, म्हणून विचारलं तर म्हणायचा, येतो खरा, पण कशाचा ते सांगता येत नाही. डांबरगोळीचा? असेल, किंवा नसेलही.

मी एकदा साहेबांना सरळच सांगायला गेले. मी कव्हर म्हटलं मात्र, त्यांनी हात वर केला आणि कव्हर सोडून बोला म्हणाले. कव्हर सोडून माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, ड्रिफ्टचा एवढा बाऊ कशाला, दुरुस्त करता येतो. आणि त्यांनी आम्हाला दुरुस्ती शिकवली. लाकडी पट्टी घ्यायची, चढावरच्या डोंगराखाली तिरकी रेष मारायची, आणि त्या रेषेवरून कापायचं. मोठ्या डोंगराला हे चालतं, पुस्तकातही आहे. पण घाणीचं लहानसं टेकाड चढावर बसलं की पट्टी एक रेघभर वर सरकली तरी टेकाड नाहीसं. आणि पट्टी साहेबांच्या हातात. त्या तीन महिन्यांत आमच्याकडच्या मालाइतका शुद्ध माल जगात कुठं निघाला नसेल.

डिसेंबरात एक माल परत आला. गिऱ्हाइकाकडं तसंच मशीन होतं. त्याला बिचाऱ्याला ना जावई म्हणत असतील ना पोपट घालत असतील, पण त्याची रेषा सरळ होती आणि तिच्यावर टेकाड उभं होतं. त्यानं आपला कागद पाठवला. हेड ऑफिसातून रावसाहेबांचा फोन आला. रावसाहेब म्हणजे कंपनीचे मोठे साहेब, फोर्टात बसायचे, फार बोलायचे नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, कारण काय, आणि ते बघायला मकरसंक्रांतीनंतर मी स्वतः येतो.

आता कारण हवं होतं. आणि कारण कधीही मिळतं, फक्त खाली बघावं लागतं.

आमच्याकडं काचेच्या बाटल्या-नळ्या धुवायला भिमाबाई खरात होती. जालन्याकडची, तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. कितीतरी वर्षं ती टेंपररी होती, दर वेळी मध्ये ब्रेक देऊन पुन्हा घ्यायचे. या वर्षी मात्र युनियननं जोर लावला होता आणि जानेवारीअखेर ती परमनंट होणार होती. परमनंट म्हणजे काय ते परमनंट माणसांना कळत नाही. आजारी पडता येतं. मावशी आजवर एकदाही आजारी पडली नव्हती.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी आम्हा सगळ्यांना एसी खोलीत बोलावलं. मी, धर्मराज, दोन-तीन ॲनालिस्ट, आणि धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे हातात घेऊन उभी असलेली भिमाबाई. साहेब म्हणाले, ड्रिफ्टचं कारण सापडलं. मिथेनॉलच्या बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत, त्यात घाण राहते. मग भिमाबाईकडं न बघता म्हणाले, "काही लोकांच्या हातालाच घाण असते. स्वच्छता रक्तात असावी लागते."

काही लोक म्हणजे कोण ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आमच्या त्या थंडगार खोलीत प्रत्येकाला ते समजलं, आणि प्रत्येकजण कागदाकडं बघायला लागला. मीही. बोलायला तोंड उघडलं तेव्हा साहेब बाहेर पडले होते. मावशीनं ट्रे खाली ठेवला. तिला सोमवारपासून घरी बसायला सांगितलं, पुढचं कळवू म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोर लाल लोकर पांघरून समोर बसला होता आणि त्याच्या गळ्यात झेंडूची वाळलेली माळ अजून होती.

संध्याकाळी गेटवर मावशी भेटली. मला वाटलं, नोकरीचं बोलेल. ती म्हणाली, "नोकरी जाईल तर जाईल, पुतळाबाई. पन त्यांनी मला घान म्हनलं, तेबी समद्यांपुढं. ते कोन काढनार?" घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, मंग तू थय काय करतंस, तुजं त्वांड कनाला हाय? बरोबरच होतं तिचं, तोंड आहे ते कशाला?

आणि सोमवारी काय व्हावं? साहेबांनी एसी खोलीत चहा नेला. तिथं चहा न्यायला बंदी होती, पण बंदी त्यांनीच घातलेली, म्हणून त्यांना लागू नव्हती. कप कलंडला आणि तीन पोपट चहात भिजले. साहेब घाबरले, कव्हर उतरवलं, कागदात गुंडाळलं आणि धुवायला घरी नेलं. दुपारपर्यंत खोलीचा वास विरला. ताजं मिथेनॉल भरलं होतं, पंप दिवसभर चालला होता. मंगळवारी बेसलाइन आडवी. बुधवारी आडवी. वाणी तागडीची दांडी धरतो तशी.

साहेबांनी तो कागद हातात घेऊन सगळ्या लॅबला दाखवला. भिमाबाई गेली आणि रेषा सरळ आली, याहून काय पुरावा हवा? त्यांनी लगेच रावसाहेबांना फोन लावला, कारण सापडलं, दूर केलं, कधीही येऊन बघा. रावसाहेब म्हणाले, शुक्रवारी येतो, तुमची ती बाई खरंच कारणीभूत असेल तर काढायचं पत्र त्याच दिवशी देऊ. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरळ रेषेसाठी मी तीन महिने तळमळत होते आणि आता ती आली तर मावशीच्या गळ्यावरून आली. रागाच्या भरात मी घरी आईच्या हातचं जेवलेदेखील नाही, आणि आमच्या घरी त्या दिवशी जवळ्याचं कालवण होतं.

उपाशी पोटी माणसाला सुचतं म्हणतात, ते खरं असावं. रेषा सरळ यायची कारणं दोन. मावशी गेली आणि कव्हर गेलं. मावशीला परत आणणं माझ्या हातात नव्हतं. पण कव्हर?

गुरुवारी टिपणीसांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, लॅबमधल्या बायकांना बोलावणं होतंच. मी बस पकडून वाशीला गेले. वहिनी काळी चंद्रकळा नेसल्या होत्या, घर माणसांनी भरलेलं, टीव्ही-फ्रिजवर कव्हरं. मी तिळगूळ घेतला आणि गोड बोलले. एवढं गोड मी आयुष्यात बोलले नव्हते. म्हटलं, वहिनी, कव्हर नाही तर लॅब कशी भकास दिसते. थंडीचे दिवस, एसीची हवा, जावई उघडे बसलेत. उद्या मोठे साहेब येणार आणि तुमचं एवढं देखणं काम त्यांना दिसणार नाही. वहिनींचा चेहरा असा उजळला की माझं मन चरकलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत कंपनीतलं कोणी माझ्या हातच्या वस्तूबद्दल विचारायला आलं नव्हतं. कव्हर धुऊन वाळून कपाटात होतं. उद्या मी स्वतःच घेऊन येते आणि घालते, म्हणाल्या, गोळ्याही नव्या घालते, जरा जास्त. मला त्यांचं वाईट वाटलं. पण मावशीचं जास्त वाटत होतं, म्हणून मी अजून एक लाडू घेतला आणि घरी आले.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या स्कूटरवरून वहिनी आल्या, मांडीवर कव्हर. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. नको म्हणावं तर बायको आणि हो म्हणावं तर रेषा. दिवाळीपासून बंद पडलेलं त्यांचं नाक त्या क्षणी उघडलं असावं, पण तोंड उघडलं नाही. वहिनींनी टोपडं चढवलं, पोपट सरळ केले, खिडकी पेनासमोर आणली. मी ताजं मिथेनॉल भरलं आणि पंप चालू केला. धर्मराजनं माझ्याकडं बघितलं, मग बाटल्यांकडं, मग पुन्हा माझ्याकडं, आणि कात्रीला धार लावायला गेला. वहिनी बाहेर बसून सगळ्यांना तिळगूळ देत राहिल्या. मोठे साहेब कव्हर बघतील म्हणून त्यांना थांबायचं होतं.

दुपारी रावसाहेब आले तेव्हा रेषा कागदाच्या मधोमध पोचली होती आणि वर वरच चालली होती. साहेबांनी पट्टी पुढं केली आणि दुरुस्ती कशी करता येते ते सांगायला लागले. रावसाहेबांनी पट्टी बाजूला ठेवली. म्हणाले, फोनवर तुम्ही सरळ म्हणाला होता. मग त्यांनी नाक आक्रसलं आणि विचारलं, हा वास कसला?

साहेब म्हणाले, मला सर्दी आहे. रावसाहेबांनी धर्मराजकडं बघितलं. धर्मराज म्हणाला, वास येतो खरा. पुढचं गिळलं.

मी म्हटलं, "साहेब, भिमाबाई सोमवारपासून घरी आहे. या खोलीतल्या एकाही बाटलीला तिचा हात लागलेला नाही. मंगळवार-बुधवार रेषा सरळ होती. आज सकाळी पांघरूण आलं आणि आज रेषा चढली. पांघरणात डांबरगोळ्या आहेत."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वहिनी दारात उभ्या आहेत, तिळगुळाचा डबा हातात. नोकरी गेली असं मी मनाशी धरलं. वहिनी आत आल्या. कव्हराला हात लावून त्यांनी रावसाहेबांना सांगितलं, हे मी केलं. मग मला विचारलं, खरंच गोळ्यांनी असं होतं का? मी हो म्हटलं. ती बाई घरी का बसलीय, ते त्यांनी विचारलं. तेही सांगितलं, साहेब काय म्हणाले ते शब्दासकट. वहिनींनी डबा टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी टोपडं उचललं आणि सगळं कव्हर ओढून काढलं. एक पिशवी फाटली आणि गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुम्हाला वास येत नव्हता?"

"सर्दी होती," साहेब म्हणाले.

"दिवाळीपासून?"

रावसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मी वहिनींबद्दल मनात काय काय धरलं होतं, ते सगळं त्या एका शब्दात वाहून गेलं. लोकर गुंडाळून त्या चालत्या झाल्या. पुढं त्यांनी ती सगळी उसवली, असं ऐकलं.

आता न्याय झाला म्हणाल. कंपनीतला न्याय ऐका. रावसाहेबांनी भिमाबाईला कामावर घ्यायला सांगितलं आणि तिची परमनंटची ऑर्डर काढायला लावली. मालाचा अहवाल टिपणीस साहेबांनी लिहिला. त्यात पांघरूण नव्हतं, पोपट नव्हते, मी तर नव्हतेच. आजूबाजूच्या वातावरणातला एक सूक्ष्म घटक चिकाटीच्या अभ्यासानं शोधून दूर केला, असं होतं. हेड ऑफिसातून त्यांना शाबासकीचं पत्र आलं. ते काचेत बसवून केबिनमध्ये लावलं, त्याला तेवढं कव्हर नाही घातलं.

मावशी सोमवारी आली. साहेबांनी मोठ्या मनानं तिला एसी खोलीत बोलावलं, आम्ही होतोच. जावई काम करत होते, पंप टकटकत होता, पेन कागदावर आडवी रेषा ओढत होतं. साहेब हसून म्हणाले, मावशी, परमनंट झालात, आता पेढे वाटा. गैरसमज होतात माणसांचे. झालं गेलं विसरून जायचं, त्याच्यावर पांघरूण घालायचं.

मावशीनं हातातला रिकामा ट्रे टेबलावर ठेवला.

"पांघरून नगं, साहेब. पांघरनापायीच तर हे झालं. याच खोलीत, याच मानसांपुढं तुमी माज्या हाताला घान म्हनलात. माज्या बाटल्या साफ व्हत्या, एवढंच याच मानसांपुढं म्हना. मग मी जाते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग जावयांकडं तोंड करून काहीतरी पुटपुटले. त्यात बाटल्या हा शब्द होता, एवढं मला कळलं.

"आयकू नाही आलं," मावशी म्हणाली. "मशीन लई आवाज करतंय."

आम्ही सगळे पुन्हा कागदाकडं बघायला लागलो, सवयीनं. तेवढ्यात धर्मराज उठला. नमुना आत सोडलेला होता, डोंगर अर्धा चढला होता. अशा वेळी पंपाला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं हात लांब केला आणि बटण बंद केलं. टकटक थांबली. मग त्यानं एसीचंही बटण बंद केलं.

"आता बोला, साहेब," धर्मराज म्हणाला.

साहेब बोलले. भिमाबाईंच्या बाटल्या स्वच्छ होत्या, असं पूर्ण वाक्य, नावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मावशीनं मान डोलावली, टेबलावरच्या वापरलेल्या बाटल्या ट्रेमध्ये भरल्या आणि धुवायला घेऊन गेली. जाताना तिनं दार हळू लोटलं, जावयांना आपटलेलं चालत नाही म्हणून.

अर्धा चढलेला डोंगर वाया गेला. धर्मराजनं पंप चालू केला आणि मी तोच नमुना पुन्हा लावला.